अक्काची घंटा आणि आमची एरियल

आकाशवाणीच्या मुंबई ‘ब’ केंद्रावरील निवेदक आपल्या लहरीची लांबी मीटरांत सांगत असत, हें आमच्या वयाच्या वाचकांस स्मरत असेल. ५३७.६ मीटर, म्हणजेच ५५८ किलोहर्ट्‌झ, हे शब्द आम्हीं बालपणीं इतक्या वेळां ऐकले कीं पाढ्यांप्रमाणें ते जिभेवर बसले; पण ही लांबी कशाची, ती मोजली कशी, व ती आम्हां ऐकणारांस सांगण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न वर्गांत कोणीं विचारल्याचें आठवत नाहीं. वडिलांनीं पोस्टांत परवान्याची फी भरून रेडिओ घेतला होता. भिंतीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळीदार पट्टी ताणलेली असे. तिला एरियल म्हणावयाचें आणि दसऱ्यास तिच्यावरील धूळ झटकावयाची, एवढाच आमचा व तिचा संबंध. पुढें रेडिओ गेला, पट्टी गेली, परवानाही सरकारनें रद्द केला. या वस्तूशीं उतारवयांत पुन्हां गांठ पडेल, आणि तीही वडील बहिणीच्या राहत्या खोलीच्या प्रश्नावरून पडेल, असें मात्र स्वप्नांतही आलें नव्हतें.

आमचें घर बदलापुरास. मूळचें कौलारू घर पाडून त्या जागीं इमारत उभी राहिली, तेव्हां तिसरा मजला आमच्या वांट्यास आला, व बरोबर त्याच्या खालीं तळमजल्यावरील एक खोली, मोरी आणि मागील दारचा हातभर ओटा अक्काच्या वांट्यास आला. अक्का आज ८१ वर्षांची आहे. तिला मूलबाळ नाहीं. वृंदावन आहे, एक पारिजातक आहे, आणि जमिनीस पाय लागल्यावांचून झोंप येत नाहीं असा तिचा सिद्धान्त आहे. २००५ सालच्या जुलैच्या २६ तारखेचा पाऊस तिनें पाहिला. २०१९ सालीं २७ जुलैस आमच्या बदलापूर-वांगणीच्या मध्यें महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यानें वेढली गेली, तो दिवसही पाहिला. तरी वर येऊन राहण्याचें नांव ती काढीत नाहीं.

आमचे नातू अभियांत्रिकीच्या पदविकेचे विद्यार्थी. त्यांनीं गेल्या उन्हाळ्यांत घर ‘स्मार्ट’ करावयास घेतलें. टांकी भरली कीं पंप आपोआप थांबूं लागला, आणि बैठकीचा दिवा तोंडानें सांगितल्यावर लागूं लागला. हात धड असतां दिव्यास तोंडी आज्ञा करणें हें आम्हांस आळसाचें वैभव वाटतें. पण त्यांनीं अक्काच्या गळ्यांत घातलेलें सुपारीएवढें बटण मात्र मनापासून आवडलें. तें दाबतांच वर आमच्या बैठकींत घंटा वाजावी व घरांतील सर्वांच्या फोनवरही सूचना यावी, अशी योजना होती. वैशाखांत ती घंटा ठणठणीत वाजे.

श्रावणांतील एका रात्रीं अक्का मोरींत घसरून पडली. बटण तिनें दाबलें. एकदां नव्हे, अकरा वेळां दाबलें असें ती सांगते, आणि अक्काच्या मोजण्यावर आमचा विश्वास आहे. वर घंटा वाजली नाहीं. पहांटे दूधवाला आला, त्याला तिची हांक ऐकूं गेली. दैवानें हाड मोडलें नाहीं. मुका मार लागला आणि पंधरा दिवस अंथरूण धरावें लागलें.

नंतर घरांत खल झाला. ज्या दुकानांतून यंत्र आणिलें होतें त्यानें, तें काढून टाकून चौपट किंमतीचें दुसरें घ्या, असा सोपा सल्ला दिला. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं आतां यंत्रांचे प्रयोग पुरे, अक्का-आत्यानें वर येऊन राहावें. सूनबाईंनीं खोलीही रिकामी करून ठेविली. अक्कानें सर्व शांतपणें ऐकून घेतलें व ती म्हणाली, “मी एकदां वर आलें कीं पुढें चौघांच्या खांद्यावरूनच खालीं उतरेन. तेवढी घाई कशाला?” यावर कोणाच्यानेंही बोलवेना. शेवटीं सौभाग्यवतींनीं तोड काढली. दिवाळीपर्यंत घंटा मोरींतून वीसांत वीस वेळां वाजूं लागली तर वन्संनीं खालीं राहावें. एकदां जरी चुकली तरी वर यावें. अक्कानें ही अट मान्य केली. अक्का शब्द पाळणारी आहे, म्हणूनच आमचा जीव टांगणीस लागला.

आम्ही पडलों संस्कृत शिकविणारे. अशा प्रसंगीं मन आधीं जुन्या पोथ्यांकडे धांवतें. नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानिला, आणि तो उगमापासून कानापर्यंत येतो कसा याविषयीं दोन दृष्टान्त दिले : पाण्यावरील लाटेमागून लाट उठावी तसा तो पसरतो, हा वीचितरंगन्याय, किंवा कदंबाचें फूल जसें सर्व अंगांनीं एकदम उमलतें तसा तो चहूंकडे जातो, हा कदंबगोलकन्याय. दृष्टान्त सुंदर आहेत. पण त्यांवरून आपल्या पूर्वजांस बिनतारी विद्या अवगत होती असें म्हणणारे पंडित भेटतात, तेव्हां आम्हांस त्यांची व पूर्वजांची दोघांचीही कींव येते. नैयायिक बोलत होते तें कानानें ऐकूं येणाऱ्या ध्वनीविषयीं. अक्काच्या बटणांतून निघते ती विद्युच्चुंबकीय लहर, आणि तिला प्रयोगशाळेंत प्रथम पकडलें तें हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञानें, १८८७-८८ च्या सुमारास. आपल्याकडील अभिमानाची गोष्ट हवीच असेल तर ती खरी आहे तीच सांगावी : १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलांत जगदीशचंद्र बसूंनीं अशाच लहरी भिंतीपलीकडे पाठवून दूर ठेविलेली घंटा वाजवून दाखविली. म्हणजे भिंतीपलीकडची घंटा हा प्रश्न अक्काच्या मोरीहून बराच जुना आहे.

अंबरनाथच्या आयुधनिर्माणींत उभा जन्म लेथवर काढून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही आहेत. तेथील शके ९८२ चें शिवालय पाहावयास आम्ही दोघे अधूनमधून जातों. आम्ही शिलालेखाच्या गोष्टी सांगतों, ते दगडाच्या सांध्यांवर बोट फिरवितात. तरुणपणीं त्यांस रेडिओ जुळविण्याचा नाद होता. त्यांना हकीकत सांगतांच त्यांनीं पहिला प्रश्न केला, “ऐकणाऱ्या यंत्राला एरियल आहे काय?” नातवांनीं डबी उघडली. आंत बोटाएवढी हिरवी पट्टी, तिच्या एका कोपऱ्यास टांचणी शिरेल एवढें भोंक, आणि त्यापुढें ‘एएनटी’ अशीं तीन अक्षरें. भोंक रिकामें होतें. असलीं स्वस्त ग्राहकयंत्रें बहुधा एरियलवांचूनच विकलीं जातात; ती ज्याची त्यानें लावावयाची असते, हें डबी भरणाऱ्यास ठाऊक नव्हतें किंवा त्यानें मनावर घेतलें नव्हतें.

“बटणाचा आवाज वाढवितां येणार नाहीं काय?” असें आम्हीं विचारलें. स्नेह्यांनीं मान हलविली. हीं बटणें ज्या पट्ट्यांत बोलतात तो ४३३ ते ४३४ मेगॅहर्ट्‌झचा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांस परवान्यावांचून मोकळा ठेविला आहे, तो त्यांचा आवाज बारीक असतो म्हणूनच. तेथें ओरडावयाचें नाहीं. ऐकणाराचा कान मात्र हवा तेवढा चांगला करावा. त्याला कायद्याची हरकत नाहीं आणि खर्चही नाहीं.

आतां त्या बालपणच्या मीटरांचा उलगडा झाला. लहर सेकंदास सुमारें ३० कोटी मीटर धांवते. अक्काचें बटण सेकंदास ४३ कोटी ३९ लक्ष २० हजार आंदोलनें करतें. पहिल्या आंकड्यास दुसऱ्यानें भागिलें म्हणजे एका लहरीची लांबी येते : ६९ सेंटिमीटर. ‘ब’ केंद्राची लहर एका टेकडीएवढी लांब आणि अक्काची लहर दोन हातांचीही नाहीं; बाकी कुळी एकच. तंबोऱ्याची तार षड्जांत जुळलेली असली म्हणजे गाणाराचा षड्ज लागतांच ती न छेडतां बोलूं लागते. तसेंच हें आहे. लहरीच्या निम्म्या लांबीची तार तिच्याशीं आपोआप जुळते. आणि खालीं धातूचा पत्रा दिला तर तो आरशासारखा उरलेला भाग पुरवितो, म्हणून पाव लांबीची तारही पुरते. ६९ चा पाव सव्वासतरा. तारेला जाडी असते व टोकाशीं विद्युत्क्षेत्र किंचित् बाहेर सांडतें, यास्तव शेंकडा पांच कमी धरावे. म्हणजे जेमतेम साडेसोळा सेंटिमीटर. वीतभरही नव्हे!

मोजण्याची रीत स्नेह्यांनींच घालून दिली. अक्काच्या खोलींतील चार जागा ठरविल्या : पलंग, दार, ओटा आणि मोरी. प्रत्येक जागेवरून वीस वेळां बटण दाबावयाचें व वर किती वेळां घंटा वाजली तें वहींत लिहावयाचें. आरंभीं मोरींतून वीसांत सहा. एएनटीच्या भोंकांत तारेचा तुकडा डाखवून दिला, तेव्हां अकरा. नंतर स्नेह्यांनीं बैठकींतील एकेक उपकरण बंद करावयास लाविलें. ग्राहकयंत्राच्या शेजारीं फोनचा एक हलका चार्जर व डोक्यावर एलईडीचा दिवा होता. ते दोन्ही बंद करतांच चौदा झाले. या वस्तूंच्या पोटांतील मंडलें क्षणांत हजारों वेळां चालू-बंद होत असतात, त्यांची खरखर आसपास पसरते. किर्तन चालू असतां शेजारीं कोणी सुपारी कातरीत बसावें, तसा प्रकार.

चौदांवर गाडी अडली. कारण उघड होतें. आमच्या व अक्काच्या मध्यें तीन स्लॅब आणि प्रत्येक स्लॅबमध्यें लोखंडी सळ्यांची जाळी. जाळीचीं भोंकें लहरीच्या लांबीच्या मानानें लहान असलीं म्हणजे लहरीस ती जाळी भिंतीसारखीच भासते. तशांत पावसाळ्यांत भिंती ओल्या होतात आणि पाणी तिचा उरला-सुरला जोर पिऊन टाकतें. वैशाखांत वाजणारी घंटा श्रावणांत मुकी कां झाली, याचा मोठा भाग यांत आला. मोरीला मागील अंगास एक झरोका आहे. स्लॅब फोडून येण्यापेक्षां लहरीनें झरोक्यांतून बाहेर पडावें, व आम्हीं तिला मागील गॅलरीबाहेर गांठावें, हा मार्ग ठरला.

सामानासाठीं नातवांसह उल्हासनगरास गेलों. उल्हासनगराविषयीं आमच्याकडील मंडळी नाक मुरडून बोलतात, तें आम्हांस पसंत नाहीं. महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून उठून आलेले निर्वासित उतरले. १९४९ सालीं त्या छावणीस हें नांव मिळालें. आणि ज्यांनीं घरदार तिकडेच सोडिलें त्यांनीं पांच कॅम्पांत उद्योगधंद्यांचें शहर उभें केलें. अजूनही तेथें मोडलेली वस्तु फेंकून देण्यापूर्वीं तिच्यांत काय शिल्लक आहे हें पाहण्याची रीत आहे. दुकानदारानें आम्हांस “साईं, बसा” म्हणून स्टूल दिलें आणि प्रथम चकचकीत काळी, लोहचुंबकाच्या बैठकीची तयार एरियल पुढें केली. नातवांनीं ती हातांत घेऊन, आंत तार किती लांबीची आहे, असें विचारलें. दुकानदार मोकळेपणें हंसला. “तें उघडल्याशिवाय कसें कळणार?” आम्हीं ती घेतली नाहीं. घेतलें तें एक नवें ग्राहकयंत्र, सुपरहेटरोडाइन जातीचें, कारण जुनें ज्या जातीचें होतें ती क्षीण लहर ऐकण्यास फारच मंद. आणि डिशच्या केबलीचे दोन तुकडे जोडण्याची पितळी नळी. तिला ते ‘एफ जॉइंटर’ म्हणतात. एवढ्याशा खरेदीस चहा मात्र त्यानें पाजला.

बाकीचें घरींच होतें. दूरचित्रवाणीची जुनी डिश काढल्यावर तिची केबल माळ्यावर पडून होती. ती सोलली असतां पोटांत एक ताठ, गुळगुळीत तार निघाली. आंत पोलाद, वर तांब्याचा मुलामा. मुलाम्यानें कसें भागेल, ही आमची शंका स्नेह्यांनीं फेडली : इतक्या वेगाच्या आंदोलनांत वीज तारेच्या पृष्ठभागींच वाहते, गाभा तिला लागतच नाहीं. पोलादाचा उपयोग ताठ उभें राहण्यापुरता. ही तार पितळी नळीच्या एका तोंडांत खुपसली कीं घट्ट बसते. दुसऱ्या तोंडास केबल. केबलीवरील चंदेरी जाळी अॅल्युमिनियमची असल्यामुळें डाख धरीत नाहीं, म्हणून तेथें डाखण्याच्या खटाटोपांत न पडतां पेंचाची टोपीच बसवावी. या केबलींतून दहा मीटरांत लहरीचा सुमारें चौथा हिस्सा वांटेंत गळतो. बारीक काळी केबल घेतली तर निम्म्याच्या आसपास. आम्हांस चार मीटर पुरली.

पत्र्याचा प्रश्न राहिला. त्रिज्या निदान सव्वासतरा सेंटिमीटर हवी, म्हणजे व्यास पस्तीसाचा. स्नेही पत्रा कापून आणणार होते; इतक्यांत सौभाग्यवतींनीं कांठ मुडपलेली एक अॅल्युमिनियमची परात आणून पुढें ठेविली. पट्टी लावून पाहिली, व्यास छत्तीस! भोंक पाडण्यापूर्वीं त्यांनीं ती एकदां पदरानें पुसून घेतली. ज्या परातींत तीस वर्षें कणीक मळली तिच्या मध्यावर गिरमिट फिरूं लागलें, तेव्हां त्या आंत निघून गेल्या.

टांगण्यापूर्वीं स्नेह्यांनीं विचारलें, “अक्का नेमकी कोठें?” बरोबर खालीं, असें सांगतांच त्यांनीं परात आडवी ठेवण्याचा बेत मोडून काढला. उभी तार चहूंबाजूंचें ऐकते; पण आपल्या शेंड्याच्या रोखानें वर व बुडाच्या रोखानें खालीं तिला जवळजवळ कांहींच ऐकूं येत नाहीं. तिच्या श्रवणाचा आकार कदंबाचा नव्हे, मध्यें भोंक असलेल्या वड्याचा. तेव्हां तार उभी ठेविली तर अक्का नेमकी त्या भोंकांत. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच! उपाय एवढाच कीं तार भिंतीला समांतर आडवी करावयाची आणि परात पंख्यासारखी उभी; मग बहिरी दिशा भिंतीच्या दोन टोकांकडे जाते व खालची दिशा मोकळी होते. प्रचीति पाहावी म्हणून दोन्ही रीतींनीं मोजलें. उभ्या तारेनें मोरींतून वीसांत पंधरा. आडवी केली, वीसांत वीस.

बांबूच्या दीड मीटर काठीस ती परात गॅलरीबाहेर टांगली आहे. नळीच्या सांध्यावर पाणी जाऊं नये म्हणून खोबरेलाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीचें टोपण घातलें. गच्चीवर नेण्याचा मोह कोणास झाल्यास त्यानें आधीं विजेचा विचार करावा. उंच धातूस चांगलें अर्थिंग नसेल तर ती एरियल नव्हे, निमंत्रण होय. आमची सज्जाखालीं, इमारतीच्या कुशींत आहे. तरीही गडगडाट सुरू झाला म्हणजे आम्ही तिच्याजवळ जात नाहीं.

वसुबारसेस चिरंजीवांनीं स्वतः मोजणी केली. खालीं सूनबाई, मधल्या जिन्यांत नातू, वर आम्ही वही घेऊन. अक्का ओट्यावर वाती वळीत बसली होती. तिनें एकदांही वर पाहिलें नाहीं. विसावी घंटा झाली, तेव्हां नातवांनीं जिन्यांतूनच आरोळी ठोकली. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. रिकाम्या केलेल्या खोलींतील पलंग त्यांनीं त्याच दिवशीं हलविला.

कान मोठा झाल्यावर नको तेंही ऐकूं येतें, हें खरें. नातवांच्या पडद्यावर आतां आसपासच्या मोटारींच्या किल्ल्या व शेजाऱ्यांच्या दारच्या घंटा उमटतात. आमच्या बटणाच्या जातीस दहा लक्षांवर निरनिराळे क्रमांक देतां येतात, व आमची घंटा अक्काच्याच क्रमांकास ओ देते, म्हणून गोंधळ होत नाहीं. मात्र हा क्रमांक उघड्यावर बोलला जातो, कोणीही ऐकून त्याची नक्कल करूं शकेल; यासाठीं दाराचें कुलूप असल्या बटणावर ठेवूं नये, असें आम्ही सर्वांस निक्षून सांगतों. घंटेपुरतें तें ठीक. ग्राहकयंत्र इन्व्हर्टरवर आहे. बटणाची घटिका पाडव्यास व दसऱ्यास, संपो वा न संपो, बदलतों. पडलेल्या घटिकेनें आवाज आधीं बारीक होतो आणि मग जातो, हें लक्षांत येत नाहीं.

शिवाय रोज सकाळीं तुळशीस पाणी घातल्यावर अक्का एकदां बटण दाबते. साडेसहापर्यंत घंटा वाजली नाहीं तर आम्ही खालीं उतरावयाचें, असा ठराव आहे. गेल्या पौषांत एकदां उतरलों. अक्का पारिजातकाखालीं उभी होती. बटण गळ्यांत, डोळे वर परातीकडे. आम्हीं घाबरून विचारलें, काय झालें? ती म्हणाली, “कांहीं नाहीं. तूं सत्तरीला टेंकलास. ती तुझ्या पाठोपाठ. पोरें दिवसभर मुंबईस. तुम्ही दोघें वर पडलांत तर मला खालीं कसें कळणार?”

त्या रविवारीं नातवांनीं दुसरें बटण आणिलें. तें सध्यां आमच्या गळ्यांत असतें. खालचें ग्राहकयंत्र अक्काच्या झरोक्याशीं बसविलें आहे, आणि त्याला लागणारी परात अक्कानें आपल्या फडताळांतून काढून दिली. ती पितळेची आहे.